भोपळी रंगाचे बारा फॉल

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

ही डायरी सुजीतला जानेवारीत कंपनीतून मिळाली. तेव्हापासून ती पिठाच्या डब्याखाली टेकू म्हणून होती. आज काढली. डबा डुगडुगतोय, डुगडुगू दे. मला हे आत्ताच्या आत्ता कुणाला तरी सांगायचंय आणि सुजीत शिफ्टला गेलाय, निधी आंघोळीला, खालच्या मजल्यावरची महमुदा फोन उचलत नाही.

ऑर्डर आली! बारा! एकदम बारा!

बहरीनमधल्या उम्म अल हस्समच्या या फ्लॅटमध्ये सात वर्षं मी साड्यांना फॉल लावते. महिन्याला पाच-सहा साड्या, दिवाळीला जरा जास्त. एका वेळी बारा कधीच नाही. आणि ऑर्डर कुणाची? नाझिश मॅडमची! त्यांची मेहरीन निधीच्या वर्गात आहे. मूळच्या हैदराबादच्या, पण लहानपण अमेरिकेत गेलेल्या. सनदला व्हिला आहे म्हणे, दारात दोन गाड्या.

मेसेज इंग्रजीत आहे. इंग्रजी मेसेज आधी निधी वाचून द्यायची, हल्ली तिला अभ्यास फार असतो. म्हणून मीच वाचला, चार वेळा. "डू यू डू फॉल सेंटरपीसेस? नीड ट्वेल्व्ह. पम्पकिन, विथ मम्स. चौदा नोव्हेंबर."

सेंटरपीसला जरा अडले. मग डोकं चाललं. फॉल काय पदराला लावतात? निऱ्यांच्या भागालाच लावतात, म्हणजे मधलाच पीस झाला की! पम्पकिन हा रंग. मम्स म्हणजे आया. वर्गातल्या बाराजणी एका रंगाच्या साड्या नेसून काहीतरी कार्यक्रम करणार. मला कुणी बोलावलं नाही, पण नसेल लक्षात आलं. मी लगेच उत्तर टाकलं, "येस मॅम, ऑल टाइप फॉल आय डू."

निधी बाहेर आली तेव्हा विचारलं, "नाझिश मॅडमना माझा नंबर तू दिलास का गं?" ती टॉवेल डोक्याला तसाच धरून उभी राहिली. "व्हाय डिड शी मेसेज यू, मम?" म्हणाली आणि परत बाथरूममध्ये गेली ती वीस मिनिटं आलीच नाही. पोटात बिघाड दिसतोय. ओवा दिला.

रविवार, २६ ऑक्टोबर

रंग जुळला पाहिजे, नाहीतर सगळं मुसळ केरात. पम्पकिन म्हणजे आमच्या वऱ्हाडातलं कोहळं, शाळेच्या पुस्तकातला लाल भोपळा. पण लाल म्हणजे किती लाल? म्हणून सकाळी कोल्ड स्टोअरमधून, इथल्या किराणा दुकानाला असंच म्हणतात, एक फोड घेतली, पिशवीत घातली आणि बसने थेट मनामाचा बाजार, इथे त्याला सूक म्हणतात. दुकानदाराने फॉलची पेटी उघडली, मी माझी फोड काउंटरवर ठेवली.

"बहनजी, ये पकाना है या पहनना है?"

मी म्हटलं, "भैया, इसका बारा निकालो." तो हसला, शेजारचा दुकानदार बघायला आला, एक बाई तर फोडीचा वास घेऊन गेली. पण रंग असा जुळला म्हणता की फोड फॉलवर ठेवली तर सापडेना! येताना बसमध्ये मी एकटीच हसत होते.

नाझिश मॅडम किती गोड बोलतात. पम्पकिन रिअल आहे की आणखी कसलंसं, असं त्यांनी विचारलं. मी लिहिलं, "रिअल मॅम, हंड्रेड पर्सेंट. कलर नॉट गो." त्यांनी टाळ्या पाठवल्या. मग म्हणाल्या, थोडं कॉटनही छान दिसेल. मी म्हटलं, थोडं कशाला, "फुल कॉटन मॅम, नो पॉलिएस्टर." यावर एक बदाम आला. आकार म्हणाल्या दहा-बारा इंच. फॉल पाच इंचांचा असतो. पण गिऱ्हाईक म्हणेल ती पूर्व दिशा. दोन-दोन पट्ट्या जोडून रुंद करीन. अमेरिकेत बायका उंच असतील.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

बारा फॉल भिजवले, वाळवले, इस्त्री केले, जोडले. बाल्कनीत वाळत घातले होते तेव्हा महमुदा खालून ओरडली, "अगो शेवंती, कोणाची वरात हाय?" महमुदा रत्नागिरीकडची, नवरा नजीबभाई सेंट्रल मार्केटात भाजीच्या व्यापाऱ्याकडे कारकून. तिचं बोलणं ऐकलं की मला उगाचच हसू येतं, आणि माझं ऐकून तिला.

दुपारी निधीला आणायला शाळेत गेले. जूनमध्ये तिने सांगितलं होतं की गेटपाशी ऊन लागतं, तू समोरच्या कोल्ड स्टोअरच्या सावलीत थांब, मीच येते. केवढी काळजी करते पोर! तेव्हापासून मी तिथेच थांबते. आज ती मेहरीनबरोबर बाहेर आली, मी हात केला. तिने बहुधा पाहिलं नाही. मेहरीनची गाडी गेल्यावर रस्ता ओलांडून आली. मी म्हटलं, मेहरीनला माझ्याकडे का नाही आणलंस, तिच्या आईचं काम करतेय मी. "शी वॉज लेट, मम," म्हणाली.

तिसरीपर्यंत मला आई म्हणायची, आता मम म्हणते. मम तर मम, हाक मारल्याशी कारण.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

भ्रमाचा भोपळा फुटला. आणि तो खरोखरीचा भोपळाच निघाला.

झालं असं. सकाळी मी मोठ्या ऐटीत मेसेज टाकला, "मॅम, फॉल रेडी. प्लीज सेंड ट्वेल्व्ह सारीज." उत्तर आलं, "सारीज?" पुढे हसरे चेहरे. "नो नो, वुई आर ऑल वेअरिंग ड्रेसेस." साडी नाही तर मी फॉल लावू कशाला, परकराला? शेवटी निधीच्या हातात फोन दिला आणि म्हटलं, वाच बाई वरपासून.

ती वाचत गेली तसा तिचा चेहरा उतरत गेला. मग तिने तिच्या टॅबवर फोटो काढून दाखवले. लाल भोपळा वरून कापून पोखरलेला. आत फुलं, पानं, कसल्या कसल्या फांद्या. ते टेबलाच्या मधोमध ठेवतात, त्याला सेंटरपीस म्हणतात. आणि फॉल म्हणजे अमेरिकेत पानगळ! पानगळीचा सण करतात, बारा टेबलांवर बारा भोपळे. बाहेर पस्तीस डिग्री, खिडकीतून दिसतं ते एकुलतं एक खजुराचं झाड, ते काय पान गाळणार! आणि कॉटन म्हणजे कापसाची बोंडं. बाई गं, मी कापसाच्या मुलखात जन्मले, शाळेला दांडी मारून वेचणीला गेले, तो कापूस फुलदाणीत?

मी हसायला लागले. पहिल्यांदा जरा कसनुशी, मग त्या सूकमधल्या दुकानदाराचा चेहरा आठवला आणि माझी मुरकुंडीच वळली. पण निधी रडायला लागली.

"से यू आर सिक, मम. प्लीज. टेल हर यू कान्ट."

"अगं, एवढं काय? जमवीन की मी."

"यू डोन्ट अंडरस्टँड. एव्हरीवन विल नो."

"काय कळेल?"

"नथिंग." आणि उशीत तोंड.

सुजीत शिफ्टवरून आला. ऐकून तोही म्हणाला, "तू काऊन हो म्हटलं, बाप्पा? अंगात नाही बळ अन् चिमटा घेऊन पळ! नाही म्हणून टाक, खलास." त्याचंही बरोबर आहे. मी आयुष्यात फुलदाणी घेतलेली नाही. पण त्या पार्टीला निधीलाही बोलावलंय. मी नाही म्हटलं तर मेहरीनच्या घरी सगळ्यांसमोर माझ्या पोरीची मान खाली जाणार. तिला त्याचीच भीती आहे, एवढं मला कळतं. मग मी का म्हणून नाही म्हणू? आली अंगावर तर घेतली शिंगावर.

मॅडमना लिहिलं, "सॉरी मॅम, सारी मेसेज वॉज फॉर अदर कस्टमर. युवर पम्पकिन इज गोइंग व्हेरी नाइस." पाठवलं आणि फोन उपडा ठेवला. खोटं बोलायची सवय नाही आमच्या घरात कुणाला.

एक गोष्ट राहिली, ती निधीला विचारायचं धाडस झालं नाही. मॅडमनी लिहिलंय की एका पम्पकिनला तीन मम्स. म्हणजे एका टेबलाला तीन आया. बारा त्रिक छत्तीस आया!

सोमवार, ३ नोव्हेंबर

महमुदाला सगळं सांगितलं. ती पायरीवरच बसली हसत. म्हटलं, हसून झालं असेल तर नजीबभाईंना सांग, मार्केटमधून बारा कोहळी आणा, गोल, साधारण एका मापाची, देठासकट.

"कोहळे? बारा? आणि ते टेबलावर ठेवनार?"

"हो, ताईबाई, तशी फॅशन आहे."

संध्याकाळी नजीबभाई पिकअपमधून उतरले, मागे दोन पोती. मी धावत खाली. पोतं सोडलं तर आतून पांढरे फटक, भुरी लागलेले, उशीएवढे लांबोडे... बारा! ज्याचा पेठा करतात तो कोहळा! हाताला नुसतं पीठ.

"हे काय आणलंत भाऊ?"

"कोहळे! तुमीच तर बोललांव," नजीबभाई म्हणाले. "केरळवाल्याकडून गोळा केले, एक-एक करून. देठ पण हाय, बघा."

वऱ्हाडातलं कोहळं वेगळं आणि कोकणातला कोहळा वेगळा, हे मला चव्वेचाळीसाव्या वर्षी बहरीनमध्ये कळावं! महमुदा म्हणते, "लाल भोपळा बोलायला जीभ झडली का तुझी?" आम्ही दोघी जिन्यात एकमेकींना धरून हसलो. नजीबभाई मात्र हसले नाहीत, बारा कोहळे पुन्हा पोत्यात भरत होते. मला फार वाईट वाटलं त्यांचं. उद्या परत करतील, इंशाल्ला म्हणाले. एक मी ठेवून घेतला, सांबारात घालायला.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

लाल भोपळे आले! खरे, गोल, फाकेदार, बारा आणि एक तालमीचा म्हणून तेरा. पलंगाखाली ओळीने लावलेत. सकाळी झाडताना मला उगाच वाटलं की पाहुणे आलेत.

तालमीचा आज कापला. म्हणजे कापायचा प्रयत्न केला. सुरी आत जाईना. त्यात आत्याबाईंचा व्हिडिओ कॉल आला. सुमनबाई, माझ्या सासूबाई. सगळ्या गावात त्यांच्यासारखी कडक बाई नाही. विहारात पहिल्या रांगेत बसून बावीस प्रतिज्ञा एका दमात म्हणतात. माझ्या हातात सुरी आणि पुढ्यात भोपळा बघून किंचाळल्या.

"थांब वं! बाईमाणसानं कोहळ्यावर पयला चाकू मारू नाही! सुजीतले हाक मार."

"आत्याबाई, हे कोणत्या प्रतिज्ञेत आहे?"

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "प्रतिज्ञेत नाही. पण माय सांगे." आणि जरा वेळाने, "मार बाई तू चाकू. मायीले कोणी विचारलंच नोतं."

मारला. सुरी अर्ध्यात अडकली, पुढे जाईना की मागे येईना. मग सुजीतने एसीच्या डक्टला भोक पाडायची गोल करवत आणली, ड्रिलला लावली. घुर्रर्र! वरचं झाकण असं सुबक निघालं, आणि भोपळ्याचा भुगा पंख्याने सगळ्या खोलीत उडाला. सुजीतच्या मिशीत भोपळा, शिवायला आलेल्या गणपुरे बाईंच्या ब्लाउजपीसवर भोपळा. आत्याबाई फोनवरून म्हणाल्या, "पाह्यलं? माणसाच्या हातानं बी घाणच."

आतल्या गराची गोड बोंडं तळली, गूळ घालून. अख्ख्या बिल्डिंगला वाटली. निधीने पाच खाल्ली. मी म्हटलं, अमेरिकेतल्या बायकांना हे माहीत आहे का, गर फेकतात म्हणे. ती नुसतं हं म्हणाली. बोलत नाही सध्या पोर. परीक्षा जवळ आली असेल.

भोपळ्यात झेंडूची फुलं घालून ठेवलीत. जरा ओबडधोबड आहे, पण मला तर दृष्ट काढावीशी वाटते.

रविवार, ९ नोव्हेंबर

दृष्ट काढायला हवी होती. नको, तेही प्रतिज्ञेत बसत नाही.

तीन दिवसांत भोपळा बसला. खाली पाणी, आत बुरशी, वास तर असा की सुजीत म्हणाला गॅस लीक आहे. उचलायला गेले तर बूड टेबलावरच राहिलं. निधी दारातून बघत होती. तिने दार लावून घेतलं. मला क्षणभर खरंच भीती वाटली. आपण हात दाखवून अवलक्षण करतोय का? पार्टीच्या मध्येच बारा बुडं खाली बसली तर? लोक हसतील त्याचं मला काही नाही, मी स्वतःवर रोज हसते. पण निधी तिथे असणार. तिची मान.

मग महमुदा वर आली. नाक धरून तिने भोपळ्याची तपासणी केली, अगदी सलमानिया हॉस्पिटलातल्या डॉक्टरासारखी. म्हणाली, कैरी कापून ओली ठेवली तर लोणचं राहतं का? आतून पुसून कोरडं कर, शिरका म्हणजे व्हिनेगर लाव, कडेला व्हॅसलीन लाव, फुलं थेट आत नको, डब्यात घाल. आणि कापायचं ते आदल्या दिवशीच. मी तिला मिठी मारली. "सोड गो, वास येतंय तुला," म्हणाली.

बिल्डिंगमधून बारा दह्याचे डबे जमा झाले.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज जे कळलंय ते लिहिताना मी अजून हसतेय. अक्षर वाकडं येतंय.

मॅडमचा मेसेज, "डिड यू गेट द मम्स?" मला घाम. छत्तीस आया मी आणायच्या? फार तर महमुदा येईल, गणपुरे बाई येतील, शेजारची तामिळ आक्का येईल. लिहिलं, "मॅम, मम्स यू विल कॉल, नो?" त्यांनी फोनच केला. मी हिंदीत सगळं बोलून टाकलं, की मॅडम, इतनी माँ लोग मैं किधर से लाऊँ?

पलीकडून हसण्याचा असा लोट आला की मी फोन कानापासून लांब धरला. "शेवंतीजी, मम्स फूल है, फूल! गुलदाउदी!" आणि फोटो पाठवला.

शेवंती! पिवळी, तांबडी, विटकरी, टपोरी शेवंती!

माझ्या आईने मला जे नाव दिलं तेच. कार्तिकात जन्मले, सुईणीच्या दारात शेवंती फुलली होती म्हणून. आणि हे मॅडमना सांगायचं सुचलंच नाही, इतकी मी हसत होते.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सकाळी सूकमधल्या हारवाल्याकडून सगळी शेवंती उचलली. त्याने पाणी पिणारा हिरवा स्पंजही दिला, त्यात देठ खोचायचे. सुजीतने सुट्टी टाकून घुर्रर्र केलं, या वेळी भोपळ्यांवर चादर टाकून. महमुदाने शिरका लावला. मी फुलं खोचली. सहा भोपळे झाले तेव्हा लक्षात आलं की काहीतरी कमी आहे. दह्याचे डबे कडेतून दिसतात, पांढरे.

ते झाकायला काय? आणि माझी नजर गेली शिवणयंत्राशेजारच्या घडीवर. भोपळी रंगाचे बारा फॉल, दुहेरी रुंदीचे, कडक इस्त्रीचे. एक काढला, चुण्या घातल्या, डब्याभोवती फिरवला आणि समोर मोठी गाठ मारली. रंग तर जुळलेलाच होता, फोड नेऊन जुळवला होता मी! महमुदा बघतच राहिली.

"आता तो खरा फॉल सेंटरपीस झाला," म्हणाली.

निधी शाळेतून आली. दारात दप्तर टाकून उभी. मग आपणहून येऊन बसली, एक फॉल घेतला आणि माझ्यासारख्या चुण्या घालायला लागली. मला तोंड उघडायची भीती वाटली, न जाणो उठून जाईल. पण माझी जीभ कुठली राहते! मम्सची गोष्ट सांगून टाकली.

"यू थॉट थर्टी-सिक्स मदर्स?"

"मग काय करू? तामिळ आक्काला विचारणारसुद्धा होते."

निधी हसली. दोन आठवड्यांनी. हसता हसता आडवी झाली, फुलांवर पडली, दोन शेवंत्या मोडल्या, मोडू देत. मग डोळे पुसत अचानक म्हणाली, "वेट. शेवंती. दॅट्स युवर नेम."

"मग? इतकी वर्षं काय वाटलं तुला?"

"आय थॉट इट वॉज जस्ट अ नेम." एक फूल हातात घेऊन बसली. मग विचारलं, "मम, इफ समवन टोल्ड अ लाय अबाउट यू, अ नाइस लाय, वुड यू बी मॅड?" मी म्हटलं, माझ्याबद्दल कोण कशाला खोटं बोलेल, मी काय पुढारी आहे? चल, ती गाठ घट्ट मार.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

नजीबभाईंच्या पिकअपमध्ये बारा भोपळे, मागे मी त्यांना धरून. निधी पुढे सुजीतबरोबर. सनदला पोहोचेपर्यंत मी सगळ्या भोपळ्यांशी बोलत होते. एकाचंही बूड हललं नाही.

बाग अशी की डोळे फिरले. बारा टेबलं, पांढरे कपडे, बायका ड्रेसमध्ये. एकेक भोपळा मधोमध ठेवत गेले आणि बायका उठून उठून यायला लागल्या. मला तर आनंदाने चक्कर यायची बाकी होती. नाझिश मॅडमनी माझे दोन्ही हात धरले. "तो आप हैं डिझाइनर! निधी ने इतना बताया, आपका स्टुडिओ, आपके फ्लॉवर अरेंजमेंट्स..."

स्टुडिओ? बहुतेक दुसऱ्या कुणाबरोबर घोळ झाला त्यांचा. मी म्हटलं, "नहीं मॅडम, मैं तो घर में साडी का फॉल लगाती हूँ. ब्लाउज भी." त्या हसल्या, त्यांना वाटलं मी मस्करी करतेय. निधी मेहरीनच्या शेजारी उभी होती. कागदासारखी पांढरी झालेली. पुन्हा पोट असेल, वाटलं.

एक उंच गोऱ्या बाई गाठीला हात लावून विचारत होत्या की हे कापड कुठलं, इतकं सुंदर. मला इंग्रजी सुचेना. मी निधीकडे पाहिलं, सवयीने. तिने मान खाली घातली. मी म्हटलं जाऊ दे, आणि तोंड उघडणार एवढ्यात ती पुढे आली.

"इट्स कॉल्ड फॉल," ती म्हणाली. "इट गोज इनसाइड अ सारी, सो इट फॉल्स स्ट्रेट. माय मम स्टिचेस दॅट. अ‍ॅट होम. देअर्स नो स्टुडिओ. आय मेड दॅट अप. शी थॉट यू वाँटेड फॉल, सो शी मेड ट्वेल्व्ह. देन शी लर्न्ड धिस."

सगळं इतकं भरभर बोलली की मला निम्मंच समजलं. मला वाटलं, संपलं. मग नाझिश मॅडमना माझा तो साड्या मागणारा मेसेज आठवला असावा, त्यांच्या तोंडून परवा फोनवर आला तसाच हसण्याचा लोट बाहेर पडला. "ट्वेल्व्ह सारीज!" त्या ओरडल्या. "ओ माय गॉड, ट्वेल्व्ह सारीज!" मग त्या उंच बाई, मग सगळ्या. आणि सगळ्यांत मोठ्याने मी. हसण्यात वाईट काही नव्हतं, तेवढं कळतं मला. मॅडम तर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होत्या.

निधी हसली नाही. तिचं संपलं नव्हतं. तिने भोपळ्यातली एक पिवळी शेवंती उपसली. सगळ्यांना दाखवत म्हणाली, "अँड दीज आर मम्स. इन मराठी, शेवंती. दॅट्स हर नेम." मग माझ्या साडीचा पदर धरला, लहानपणी धरायची तसा. मेहरीनकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "ही माझी आई."

मेहरीनला मराठी येत नाही. तरी तिने मान हलवली.

पुढचं मला नीट आठवत नाही. कुणीतरी केक दिला. येताना पिकअपमध्ये निधी माझ्यासोबत मागे बसली. मी विचारलं, ते स्टुडिओचं काय गं म्हणत होत्या मॅडम? तिने माझ्या कुशीत तोंड खुपसलं. दमली होती पोर. मीही पुन्हा विचारलं नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

चार नव्या ऑर्डर आल्यात. दोन भोपळ्यांच्या आणि दोन खरोखरीच्या फॉलच्या. त्या उंच बाईंना साडी नेसायचीय म्हणे! ही डायरी आता पिठाच्या डब्याखाली परत जाणार नाही. सुजीतला सांगितलंय, लाकडाचा तुकडा बघ.

दुपारी नेहमीसारखी कोल्ड स्टोअरच्या सावलीत उभी राहिले. सुटल्याची घंटा झाली, निधी बाहेर आली. मेहरीन आणि आणखी तिघीचौघी बरोबर. रस्ता ओलांडायच्या ऐवजी गेटपाशीच थांबली आणि दोन्ही हातांनी मला बोलवायला लागली. मी खूण केली, ऊन आहे, तूच ये. तिने जोरजोरात मान हलवली.

"आई, यल्ला! इकडे ये!"

गेले. ऊन जूनएवढंच होतं.